ओळखीच्या बंदरात शिरताना: लंकावीला पहिल्यांदा बोटीनं येणाऱ्या आपल्या खान्देशातल्या मंडळींसाठी

लंकावीत आम्ही आत्तापर्यंत सात वेळा नांगर टाकलाय आणि त्यातला सगळ्यात वाईट चौथ्या वेळचा, पहिल्या वेळचा नाही. पहिल्या वेळी घाबरलेलो होतो म्हणून एकेक गोष्ट विचारून विचारून केली, चौथ्या वेळी "हे काय आपलंच गाव" म्हणत अर्ध्या गोष्टी गाळल्या. ते सगळं पुढं सांगतेच.

लिहायचं कारण असं की पावसाळ्यात आम्ही बोट तिकडेच यार्डात उचलून ठेवतो आणि भुसावळला घरी येतो, आणि मग रोज संध्याकाळी कोणी ना कोणी चहाला येऊन तेच तेच विचारतं. रात्री बोट कुठं लावता, पार्किंगचे पैसे पडतात का, पोलीस पकडत नाहीत का. माझी चुलत सासू तर दरवर्षी न चुकता, "तुले रातले पानीवर झोप लागस का व माय?" लागते हो, नांगर नीट बसला असेल तर लागते. या जानेवारीत माझा भाचा आणि यांचे दोन जुने मित्र बोटीवर येणार आहेत, त्यांच्यासाठी म्हणून लिहायला घेतलं, पण आपल्याकडचा दुसरा कोणी क्रू म्हणून किंवा स्वतःची बोट घेऊन जाणार असेल तर त्यालाही चालेल.

आधी आमचं थोडक्यात. माझं माहेर यावल तालुक्यातलं, घरची केळी. समुद्र म्हणजे तापी सुरतेकडे जाऊन जिथं मिळते तो, एवढंच ठाऊक होतं लहानपणी. हे मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते, नोकरी सोडली आणि छत्तीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली, एक डोलकाठी, खाली पाण्यात १.८ मीटर बुडते (हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे). वर्षातले आठ महिने तेच आमचं घर.

आता लंकावी म्हणजे एक बेट नाही, ९९ बेटांचा पुंजका आहे, मलेशियाच्या केदा राज्यात, मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या वरच्या तोंडाशी जिथं ती अंदमान समुद्राला मिळते. १९८७ पासून ड्यूटी फ्री. बोटवाल्यांना थांबायला तीन जागा मुख्य. कुआ म्हणजे आपलं एसटी स्टँड समजा, गर्दी, फेरीबोटी, बाजार, सरकारी ऑफिसं, आणि काठावर बारा मीटरचा तो लाल गरुडाचा पुतळा, लांबूनच दिसतो. तेलागा पश्चिमेला, शांत, मागं डोंगर, डोंगरावर केबल कार. आणि रेबाक हे वेगळं छोटं बेट, तिथं मरीना (पैसे भरून बोट बांधून ठेवायची जागा) आणि बोट पाण्याबाहेर काढायचं यार्ड. नवीन माणसानं तेलागाला यावं असं माझं मत, यांचं मत कुआ, कारण यांना जेट्टीसमोरचा चहा आवडतो.

घरून निघायच्या आधी

पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. भारतीय पासपोर्टला डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवस व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची आहे, वाढवत आणलीय, तेव्हा तुमच्या वेळेला चालू आहे का ते सरकारी साइटवर बघूनच तिकीट काढा. त्याशिवाय डिजिटल अरायव्हल कार्ड नावाचा एक ऑनलाइन फॉर्म असतो, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा. तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा. बोटीनं आलात तरी भरायचाच.

विमानानं येऊन बोटीनं पुढं जाणार असाल तर एक घोळ होतो. मुंबईच्या काउंटरवर परतीचं तिकीट मागतात आणि तुमच्याकडे ते नसतं. मग कप्तानाचं पत्र लागतं, की हा माणूस अमुक बोटीवर क्रू म्हणून येतोय, सोबत बोटीच्या नोंदणीची झेरॉक्स. ते पत्र प्रिंट काढून हातात ठेवा, मोबाइलमध्ये आहे म्हणून सांगत बसू नका.

आणि एक गंमत सांगते. बोटीचा रबरी शिक्का. आमचा भुसावळला नेहमीच्या शिक्केवाल्याकडे करून घेतला, बोटीचं नाव आणि नोंदणी नंबर, मध्ये छोटा नांगर. त्यानं विचारलं कुठली सोसायटी आहे ताई. पण क्रू लिस्टवर सही करून त्यावर हा शिक्का धाडकन मारला की समोरच्या साहेबाच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ना, ते बघण्यासारखं असतं. सरकारी माणूस सगळीकडे सारखाच. क्रू लिस्टच्या दहा कॉपी, पासपोर्टच्या झेरॉक्स, बोटीचे कागद आणि आधीच्या बंदराचं पोर्ट क्लिअरन्स म्हणजे तिथून निघायच्या परवानगीचा कागद, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलीत. आधीच्या देशाचं क्लिअरन्स नसेल तर पुढच्या देशात उभं राहायला जागा नाही हे पक्कं लक्षात ठेवा.

पोचायची वेळ आणि घड्याळ

आम्ही सहसा थायलंडकडून येतो, फुकेत, मग बेटं बेटं करत खाली कोह लिपे. लिपेपासून लंकावी साधारण ३० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि आमची बोट ताशी पाच मैल चालते म्हणजे सायकलीपेक्षा हळू, तर सहा तास धरायचे. सकाळी सहाला निघालं तर बाराला पोचलं, सोपं गणित. पण मलेशियाचं घड्याळ थायलंडच्या एक तास पुढं आहे! म्हणजे तुमचे बारा वाजलेत तेव्हा तिथल्या ऑफिसात एक वाजलेला असतो. दुसऱ्या खेपेला आम्ही "चारच वाजलेत, भरपूर वेळ आहे" म्हणत आरामात चहा पिऊन, कपडे बदलून गेलो आणि शटर अर्धं खाली आलेलं. त्यात केदा राज्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, रविवारी कामाचा दिवस. जी ऑफिसं शुक्रवारी उघडी असतात तिथंही दुपारी नमाजाची लांब सुट्टी. तर येतानाच वार बघा, आणि जिथं जाणार त्या जागेचं ऑफिस कधी उघडं असतं ते मरीनाला फोन करून विचारा. (घरी फोन करायचा असेल तर भारत अडीच तास मागं. आमच्या सासूबाईंना सकाळी सहाला उठवून झालंय.)

दिवसाउजेडीच शिरायचं. कितीही वेळा आलेले असा. या पाण्यात कोळ्यांची जाळी पसरलेली असतात, त्याला निशाणी म्हणून कधी काळं फडकं बांधलेली काठी, कधी नुसती रिकामी प्लास्टिकची बाटली, रात्री ती कुणाच्या बापाला दिसत नाही आणि दोर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंडाळला की मग कोणीतरी तोंडात सुरी धरून पाण्यात उतरायचं. उशीर झाला तर अलीकडच्या बेटामागं रात्र काढा, सकाळी या.

आत शिरताना

शिडं उतरवायच्या आधी इंजिन चालू करून बघायचं, आणि नुसतं चालू झालं म्हणून नाही, मागून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते वाकून बघायचं. पाणी पडत नसेल तर इंजिन थंड होत नाहीये, पाच मिनिटांत तापेल. हे शिडं वर असतानाच कळलं तर बरं, कारण तोवर वारा तरी हाताशी असतो.

आत जाताना लाल बोया (वाट दाखवणारा तरंगता पिंप) डाव्या हाताला, हिरवा उजव्या. बाहेर पडताना उलटं. अमेरिकेकडे लाल उजवीकडे असतो, तेव्हा तिकडचे व्हिडिओ बघून पाठ करू नका.

दोर आणि फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या हवेच्या उशा) आधीच काढून ठेवा, दोन्ही बाजूंना. मरीनात ऐन वेळी सांगतात डावीकडे लावा की उजवीकडे. व्हीएचएफ म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या १६ नंबरवर कान ठेवा. पाँटूनवर, म्हणजे मरीनातल्या तरंगत्या धक्क्यावर, उडी मारायची नाही, पाऊल टाकायचं, आणि बोट आणि पाँटून यांच्या मध्ये हात, पाय, काहीही घालायचं नाही. आमची बोट सात टनांची आहे. बैल अंगावर आला तर आपण बाजूला होतो ना, तसंच, लाकूड घासलं तर घासू द्या. भाचा मागच्या वेळी पायानं अडवायला गेला, मी इतकी ओरडले की शेजारच्या तीन बोटींतून माणसं बाहेर आली.

दोर क्लीटला, म्हणजे दोन शिंगांच्या खुंटीला, बांधताना आपल्याकडच्या लोकांची एक सवय, गाठीवर गाठ, वर अजून एक गाठ. नको. बैलाचं दावं कसं एका झटक्यात सुटलं पाहिजे, तसं. एक पूर्ण वेढा, मग इंग्रजी आठ, मग एक उलटा अडकवून संपवा. दाब आलेला असताना सुटत नाही ती गाठ काही कामाची नाही.

नांगर

इथं जरा सावकाश वाचा.

नांगर म्हणजे वजन टाकून बोट अडकवणं नाही. आमचा नांगर वीस किलोचा, बोट सात टनांची, वजनावर काय अडणार. नांगर वखरासारखा आडवा ओढला गेला की मातीत घुसतो, वर उचलला गेला की सुटतो. तो आडवा ओढला जावा म्हणून चेन लांब सोडायची, म्हणजे चेनचा बराचसा भाग तळाला लोळत राहतो. किती लांब, तर खोलीच्या पाचपट कमीत कमी, वारं येणार असेल तर सातपट.

आणि खोली कुठली? इथंच सगळे चुकतात. पाण्याची आत्ताची खोली नाही. भरतीला होणारी खोली, अधिक पाण्यापासून बोटीच्या तोंडापर्यंतची उंची. लंकावीला अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीचा फरक तीन मीटरच्या घरात जातो, अष्टमीकडे बराच कमी. समजा ओहोटीला चार मीटर पाणी आहे, भरतीचे तीन, तोंडाची उंची एक, झाले आठ. पाच आठे चाळीस. चाळीस मीटर चेन. आणि ओहोटीला तुमच्या बुडाखाली किती उरतं तेही बघा, आमची १.८ मीटर बुडते म्हणजे चारमध्ये दोन मीटर मोकळे, ठीक. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघून फक्त अंदाज घ्या, खरा आकडा टाइड टेबलमधून. आपल्या घरात अमावस्येला चांगलं काम सुरू करत नाहीत, बोटीवर निदान त्या दिवशी जास्त चेन सोडतात.

आता चौथी खेप. एप्रिल संपत आलेला, खरं तर तोपर्यंत आम्ही तिथून निघायला पाहिजे होतं पण बसलो होतो आळसात, आज जाऊ उद्या जाऊ. चार दिवस बाजूच्या बेटांवर फिरून परत तेलागाला आलो, बाहेरच्या बाजूला जी दोन छोटी बेटं आहेत त्यांच्या आडोशाला, नेहमीच्या जागेवर. प्लॉटरवर (बोटीचा जीपीएस नकाशा) आधीच्या वेळची खूण होतीच, हे पुढं, मी सुकाणूवर, खुणेवर पोचलो, खोली तीन मीटर दाखवली, यांनी पंचवीस मीटर चेन सोडली. तीन अधिक एक चार, पंचवीस म्हणजे सहापट, झकास. इंजिन रिव्हर्समध्ये टाकून नांगर ओढून बघायचा असतो तो आम्ही बघितलाच नाही, कारण काय तर इथं चिखल चांगला आहे, इथं नेहमी धरतो. जेवलो, झोपलो. अलार्म लावला नाही.

तीन मीटर ही ओहोटीची खोली होती. पौर्णिमा दोन दिवसांपूर्वी झालेली. पहाटे भरतीला पाणी सहा मीटर, अधिक एक सात, पंचवीस भागिले सात, जेमतेम साडेतीनपट. आणि साडेचारला सुमात्रा आला. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत सुमात्राच्या बाजूनं ढगांची एक आडवी भिंत सामुद्रधुनी ओलांडून येते, बहुतेक पहाटेच, त्यालाच सुमात्रा म्हणतात. आधी एकदम गार वारा, मग चाळीस नॉट (ताशी चाळीस सागरी मैल), मग पाऊस असा की बोटीचं तोंड मागून दिसत नाही. मला जाग आली ती आवाजानं नाही, बोट वेगळ्या तऱ्हेनं हलायला लागली म्हणून. वर येऊन बघते तर शेजारच्या ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्याची बोट जी रात्री शंभर मीटर लांब होती ती इतकी जवळ की त्याच्या दोरीवर वाळत घातलेला टॉवेल विजेच्या उजेडात दिसला. आम्ही नांगर ओढत ओढत मागं चाललो होतो. मी इंजिन चालू केलं, हे पुढं जाऊन काहीतरी ओरडत होते, मला शब्द ऐकू येत नव्हता, मीही ओरडत होते. म्हातारा चड्डीवरच बाहेर आला, एक शब्द न बोलता आपले फेंडर आमच्या बाजूला लटकवले, आणि उभा राहिला. चाळीस मिनिटं मी इंजिनावर बोट वाऱ्याच्या तोंडाला धरून ठेवली. नंतर वारा पडला. सकाळी त्याला भाकरी आणि ठेचा नेऊन दिला. त्यानं ठेचा चाखला आणि म्हणाला, रात्रीचं वादळ बरं होतं.

तर क्रम असा ठेवा. आधी एक फेरी मारून आजूबाजूच्या बोटी कशा उभ्या आहेत ते बघा. टाइड टेबल काढा, गणित कागदावर करा, तोंडी नाही. वाऱ्याकडं तोंड करून थांबा, नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा, मग बोट हळूहळू मागं जाऊ देत चेन सोडत जा, एका जागी ढीग करू नका. सगळी सोडली की थोडं थांबा, चिखलाला वेळ लागतो. मग रिव्हर्स, आधी हळू मग जोरात, आणि काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून बघत राहा, एखादं झाड आणि मागचा खांब. रेषा मोडली नाही म्हणजे बसला. चेनला एक जाड नायलॉनचा दोर लावून ओढ त्याच्यावर घ्या, तो स्प्रिंगसारखा ताणतो. फोनवर अँकर अलार्म. दिवसा पुढं काळा गोळा, रात्री वर पांढरा दिवा, तो नियमच आहे.

आणि नवरा-बायको असाल तर हातवाऱ्यांची भाषा घरीच ठरवून घ्या. आमची: मूठ वर म्हणजे थांब, अंगठा मागं म्हणजे रिव्हर्स, दोन्ही हात आडवे म्हणजे न्यूट्रल. तिसऱ्या खेपेपर्यंत ठरलेली नव्हती आणि अख्ख्या बंदराला आमची मराठी ऐकू जायची.

पिवळा झेंडा आणि तीन खिडक्या

देशात शिरताना पिवळा झेंडा लावायचा, अर्थ असा की आम्ही आलोय, तपासायचं असेल तर तपासा. कागद होईपर्यंत फक्त कप्तानानं किनाऱ्यावर जायचं, बाकीच्यांनी बोटीवर बसायचं, सेल्फी काढायला सुद्धा उतरायचं नाही. खिडक्या तीन: हार्बर मास्टर, तिकडे जाबातान लाऊत म्हणतात, इमिग्रेशन आणि कस्टम्स. क्रम तिथंच विचारा. फुल पँट, बाह्यांचा शर्ट, डोक्यावरची टोपी आणि गॉगल काढून. घाई करू नका, बाहेर बोटीवाले गोरे लोक हाफ पँटीत उकडत वाद घालत असतात, त्यांच्यापेक्षा आपण तहसीलमध्ये सातबारा काढलेली माणसं, आपल्याला खिडकीसमोर उभं राहायची प्रॅक्टिस आहे. पासपोर्टवर शिक्का पडला की तारीख तिथंच उभं राहून वाचा. मग झेंडा उतरवायचा आणि मलेशियाचा छोटा झेंडा उजव्या बाजूला चढवायचा.

औषधं असतील तर चिठ्ठीसकट. अमली पदार्थांच्या बाबतीत तिथले कायदे फार कडक आहेत, कोणाचं पार्सल, कोणाची पिशवी "जरा घेऊन जा" म्हणून घ्यायची नाही, सख्ख्या मित्राची असली तरी.

डिंगी

नांगरावर असाल तर डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, हीच तुमची मोटारसायकल. भाच्यानं आमच्या डिंगीवर पांढऱ्या रंगानं एमएच १९ लिहिलंय, मी आधी चिडले, पण जेट्टीला तीस करड्या डिंग्या एकावर एक बांधलेल्या असतात त्यात आपली लगेच सापडते. बांधताना दोर लांब ठेवा, भरती-ओहोटी विसरू नका, आखूड बांधून बाजारात गेलात तर परत येईपर्यंत पाणी तीन मीटर उतरलेलं आणि डिंगी जेट्टीला लटकलेली. कुलूप लावा. वल्ही, टॉर्च आणि लाइफ जॅकेट कायम आत. इंजिनाची लाल दोरी मनगटाला, तुम्ही पडलात तर इंजिन बंद पडतं, नाहीतर ती गोल फिरून तुमच्याच अंगावर येते. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलोय म्हणणाऱ्यांनी सुद्धा जॅकेट घालायचं. विहिरीला प्रवाह नसतो.

पाणी, बाजार, आणि केळी

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडची माणसं बोटीवर पहिल्या नंबरानं पास होतात. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेलं ज्यांनी काढलंय त्यांना शिकवावं लागत नाही. आमची टाकी तीनशे लिटरची, दोघांना रोज पंचवीस लिटर, बारा दिवस जातात. भांडी आधी समुद्राच्या पाण्यानं, शेवटचा हात गोड्या पाण्याचा (बंदरात मात्र समुद्राचं पाणी वापरू नका, शंभर बोटींचं संडास त्याच पाण्यात). मरीनात नळ मिळतो, नांगरावर असाल तर कॅन वाहून आणायचे. दोन वीस लिटरचे कॅन घेऊन डिंगीतून बोटीवर चढणं हाच आमचा जिम.

कुआत तूरडाळ, जिरं, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं, तिथं तमिळ लोकांची दुकानं आहेत. आपला काळा मसाला, कळण्याचं पीठ आणि बिबड्या घरूनच न्या. भरताची वांगी ती नाहीतच, तिकडची लांब जांभळी वांगी गॅसवर भाजून करते, पण काटक्यांवर भाजलेल्या आपल्या हिरव्या वांग्यांची सर नाही, आणि उगाच आहे म्हणणार नाही. येणाऱ्यांनी विचारू नका. गॅसचा सिलिंडर मात्र तिकडचा आपल्या फिटिंगला बसत नाही, जुळणारा जोड आधीच शोधा, आणि स्वयंपाक झाला की गॅस सिलिंडरपाशी बंद करायचा, शेगडीपाशी नाही. गॅस हवेपेक्षा जड, घरात दारातून निघून जातो, बोटीत तळाला जाऊन साठतो आणि एका ठिणगीची वाट बघतो.

पुठ्ठ्याचा एकही खोका बोटीवर आणायचा नाही. झुरळांची अंडी त्याच्या घड्यांत असतात. सामान जेट्टीवरच पिशव्यांत काढायचं, खोका तिथंच. एकदा झुरळ शिरलं की ते तुमच्याआधी बोटीचं मालक होतं.

केळ्यांचं सांगायचं राहिलं. बोटवाल्या लोकांत एक समज आहे की बोटीवर केळी आणली की अपशकुन. मी यावलची! ज्या जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय मिळाला त्या मातीतली! पहिल्या वर्षी मी हिरवा घड घेऊन आले तर शेजारची बाई दोन पावलं मागं सरली. अपशकुन वगैरे काही नाही, पण एक खरं आहे, घड पिकायला लागला की सगळा एकदम पिकतो आणि त्याच्या वाफेनं शेजारचे टोमॅटो, आंबे पण पिकवून टाकतो. तेव्हा घड बोटीच्या मागच्या बाजूला, बाहेर, सावलीत टांगा आणि फण्या सुट्या करून वेगवेगळ्या ठेवा. तेलागाला माकडं आहेत, हे पण लक्षात असू द्या.

फिरायला ग्रॅबची (मोबाइल अ‍ॅपवरून बोलवायची) टॅक्सी मिळते, भाड्याची स्कूटरही, वाहनं आपल्यासारखी डावीकडून. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून काढून न्या. ३२ डिग्रीला आपल्याला हसू येतं, भुसावळचा मे काढलेला असतो, पण तिथली दमट हवा वेगळी आहे, दुपारी बारा ते तीन आत बसा.

किती थांबायचं

आल्या दिवशीच निघायची तारीख कागदावर लिहून गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) चिकटवा. लंकावी चिकटणारी जागा आहे. बिअर स्वस्त, माणसं गोड, आडोसा चांगला, संध्याकाळी गप्पा, आणि बघता बघता आठवड्यासाठी आलेली बोट सहा वर्षं उभी. मी अशा चार-पाच बोटी ओळखते, दोरांवर शेवाळ आणि शिडांच्या कव्हरात पक्ष्यांची घरटी. त्यांना नावं ठेवत नाही, चौथ्या खेपेला आम्ही त्याच वाटेवर होतो आणि एप्रिलचा सुमात्रा त्यामुळेच खाल्ला. डिसेंबर ते मार्च चांगला काळ, तेव्हा वारा ईशान्येचा आणि आभाळ मोकळं. एप्रिलपासून सावध.

कोमट पाण्यात बुडाला शंख-शिंपले फार लवकर धरतात. तीन आठवडे एका जागी उभं राहिलात तर निघायच्या आदल्या दिवशी खाली उतरून पंखा आणि पाणी ओढायचं भोक खरवडा. आम्ही एकदा न खरवडता निघालो, इंजिन बोंबलतंय आणि बोट दोन मैलांच्या वर जाईना, हे इंजिनमध्ये दोष शोधत बसले दोन तास. पंख्यावर मुठीएवढी वसाहत होती.

निघताना त्याच तीन खिडक्या परत. पोर्ट क्लिअरन्स हातात आलं की रेंगाळायचं नाही. लंकावीहून पेनांगला जायचं असेल तरी, देश तोच असला तरी, हार्बर मास्टरला सांगून जायचं. जो विमानानं आला आणि बोटीनं जाणार त्याचं नाव क्रू लिस्टमध्ये घातलंय ना, त्याच्या पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का आहे ना, हे बघितल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मग नांगर. बोट इंजिनवर हळूहळू पुढं न्या, चेन ढिली पडली की उचला, मशीनला बोट ओढायला लावू नका, ते मोटरीचं काम नाही. एकानं पुढं बसून बादलीनं आणि ब्रशनं चेन धूत राहायची, एकेक मीटर, काळाकुट्ट चिकट चिखल असतो, वासही येतो. कंटाळून तसाच आत घेतलात तर दोन दिवसांत तो लॉकरमध्ये वाळतो, आणि वाळला की थेट आपली काळी माती, घण घेऊन बसा. भाच्याला ते काम दिलंय या वेळी, त्याला अजून सांगितलेलं नाही.